वजन किती आहे बाळाचं?

मोठ्या माणसाला ताप आला की ५०० ची नाहीतर ६५० ची गोळी घेतली आणि झालं. माणूस ५० किलोचा आहे की ९० किलोचा, कोणी गणित करत बसत नाही. लहान मुलांचं तसं नसतं. तिथे तयार उत्तर कुठेच मिळत नाही, प्रत्येक मुलाचा प्रत्येक औषधाचा डोस त्याच्या वजनावरून नव्याने काढावा लागतो, आणि तो काढताना चुकायला इतक्या जागा असतात की या कामात आल्यापासून मला तापाचं साधं सिरप पण साधं वाटेनासं झालंय.

मी मुंबईत एका हॉस्पिटलमध्ये मुलांच्या विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. बारावीनंतर सहा वर्षांचा फार्म-डी कोर्स केला, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. हा कोर्स आपल्याकडे २००८ ला सुरू झाला, म्हणजे पहिली बॅच २०१४ ला बाहेर पडली, त्यामुळे आमची जमात अजून नवीनच आहे आणि लग्नाकार्यात कोणी विचारलं की समजावून सांगायला वेळ लागतो. खाली मेडिकलच्या काउंटरवर बसतात ते पण फार्मासिस्टच, त्यांच्यावाचून हॉस्पिटल एक तास चालणार नाही. मी मात्र वर वॉर्डात असते. राउंडला डॉक्टरांबरोबर उभी राहते, ट्रीटमेंट शीट वाचते, सिस्टरांबरोबर इंजेक्शन कसं आणि कशात डायल्यूट करायचं ते बघते, आईबापांशी बोलते.

जेंटामायसिन घ्या. नवजात बाळाला इन्फेक्शनचा संशय आला की सुरुवातीला जी अँटिबायोटिक्स दिली जातात त्यात हे अजूनही असतं. एका अँप्यूलमध्ये २ मिलीत ८० मिलिग्रॅम औषध भरलेलं असतं, ते भरलंय मोठ्या माणसाच्या हिशोबाने. आणि समोर इन्क्युबेटरमध्ये १ किलोचं बाळ. त्याला हवेत साधारण ५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१२५ मिली, एवढंसं सिरिंजमध्ये धड मोजता पण येत नाही, म्हणून आधी डायल्यूट करायचं आणि मग त्यातलं मोजून घ्यायचं. एका अँप्यूलमध्ये त्या बाळाचे १६ डोस असतात. मोठ्या माणसाच्या वॉर्डात हिशोब चुकला तर अर्धी गोळी इकडेतिकडे होईल, इथे हिशोब चुकला तर सोळापट औषध हातात आधीच तयार आहे. बरं, डोस बरोबर काढला तरी पुढचा कधी द्यायचा हा वेगळाच प्रश्न. फार लवकर जन्मलेल्या बाळाची किडनी अजून कामाला लागलेली नसते म्हणून दोन डोसमध्ये ३६ किंवा ४८ तासांचं अंतर ठेवावं लागतं, पण त्याच बाळाच्या अंगात पाण्याचा अंश जास्त असतो म्हणून किलोमागे डोस कमी करूनही चालत नाही. आणि हेच मूल दोन-तीन वर्षांचं झालं की चित्र पार उलटतं, लिव्हर इतकं जोरात काम करायला लागतं की आकडीच्या काही औषधांचा किलोमागे डोस मोठ्यांपेक्षाही जास्त लागतो.

हे सगळं कळायला जगाने फार मोठी किंमत मोजलीय. १९५९ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल नावाचं अँटिबायोटिक दिलेली नवजात बाळं राखाडी पडून दगावत होती. औषध जंतूंवर चांगलंच चालत होतं, पण नवजात लिव्हरला ते निकामी करून बाहेर टाकता येत नव्हतं, ते रक्तात साठत जायचं. इंटर्नशिपच्या आधी हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पहिल्यांदा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, उभी राहिले तेव्हा त्याचा अर्थ अंगावर आला.

तर सकाळी वॉर्डात गेल्यावर माझा पहिला प्रश्न एकच असतो, वजन किती आहे बाळाचं? आणि लगेच दुसरा, केलंय की सांगितलंय? कॅज्युअल्टीत रात्री मूल आलं, धाप लागलीय, आई रडतेय, तिथे कोणी वजनकाटा शोधत बसत नाही आणि बसूही नये, आई म्हणाली १२ किलो की शीटवर १२ लिहिलं जातं. सकाळी आम्ही काट्यावर ठेवलं की निघतात ९.४. मग रात्रीपासूनचा प्रत्येक डोस पुन्हा काढायचा. प्रीमॅच्युअर बाळांचं वजन तर रोज बदलतं, आधी उतरतं मग चढतं, त्यामुळे कोणत्या दिवसाच्या वजनावर डोस लिहिलाय हे पण लिहायला लागतं.

दुसरी माझी कायमची दुश्मनी दशांश चिन्हाशी. ते टिंब एवढं लहान असतं आणि ट्रीटमेंट शीटवरच्या छापील रेघेवर पडलं की दिसतच नाही. म्हणून जगभर नियम आहे की अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर आधी शून्य लिहून ०.५ लिहायचा, नुसता .५ नाही, आणि पाच लिहायचा तर नुसता ५, कधीच ५.० नाही, कारण टिंब पुसलं गेलं की पहिल्याचे होतात ५ आणि दुसऱ्याचे ५०, दोन्हीकडे दहापट. नवीन रेसिडेंट, म्हणजे शिकत असलेले डॉक्टर, आले की पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या मागे लागते. काही कंटाळतात, मला चालतं. २००७ मध्ये लॉस एंजेलिसला अभिनेता डेनिस क्वेडच्या नवजात जुळ्यांना रक्त गोठू न देणाऱ्या, १० युनिटच्या हेपॅरिनऐवजी १०,००० युनिटचं हेपॅरिन गेलं होतं, हजारपट. बाळं वाचली. तिथे सोयी काय कमी होत्या का? तरी झालं. कोणी निष्काळजी होतं म्हणून चुका होतात एवढंच कारण धरून बसलं तर काहीच सुधारत नाही असं माझं ठाम मत आहे. रात्रभर जागलेल्या रेसिडेंटला आणि एकाच वेळी इतक्या मुलांचे डोस सांभाळणाऱ्या सिस्टरला आणखी सावध राहा म्हणून सांगणं सोपं आहे, त्यांच्या शेजारी फक्त औषधाकडे बघणारं एक माणूस उभं करणं जास्त उपयोगाचं.

एकदा राउंड चालू असताना दहा दिवसांच्या बाळाला सेफ्ट्रिअॅक्झोन हे अँटिबायोटिक लिहिलं जात होतं. औषध उत्तम, डोस पण बरोबर. पण बाळाला सलाईनमधून कॅल्शियम चालू होतं, आणि नवजात बाळात सेफ्ट्रिअॅक्झोन आणि कॅल्शियम एकत्र आले की त्यांचे खडे बनून फुप्फुसात, किडनीत अडकू शकतात, शिवाय सेफ्ट्रिअॅक्झोन काविळीतल्या पिवळ्या बिलिरुबिनला रक्तातल्या त्याच्या जागेवरून हलवतं म्हणून कावीळ असलेल्या बाळाला आणखी धोका. मी म्हटलं, सर, कॅल्शियम चालू आहे, सेफोटॅक्झिम घेऊया का? सरांनी वर बघितलं, हो म्हणाले, खोडून सेफोटॅक्झिम लिहिलं आणि राउंड पुढच्या बेडवर गेला. अर्धा मिनिट पण लागलं नसेल. बाळाला काही झालं नाही, आईला तर कळलंही नाही. आमच्या कामातला बराचसा भाग असाच असतो, जे झालं नाही त्याची नोंद कुठे होणार आणि ते दाखवणार तरी कोणाला, म्हणून मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये आमचं काम समजावून सांगणं अवघड जातं.

सुदैवाने कोणीतरी ते मोजलंय. रेणू कौशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या दोन हॉस्पिटलांमध्ये ॲडमिट मुलांच्या १०,७७८ ऑर्डर तपासल्या आणि २००१ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात ते छापलं. ६१६ चुका सापडल्या. बहुतेकांनी काही इजा झाली नाही, पण ज्यांनी इजा होऊ शकली असती अशा चुकांचं प्रमाण मोठ्या पेशंटांच्या तिप्पट होतं, आणि सगळ्यात जास्त नवजात बाळांच्या आयसीयूत. यातल्या किती टाळता आल्या असत्या हे त्यांनी डॉक्टरांकडूनच तपासून घेतलं, तर वॉर्डातच बसणारा फार्मासिस्ट असता तर अशा धोक्याच्या ९४ टक्के चुका अडल्या असत्या असं त्या डॉक्टरांचं मत पडलं. हा पेपर मी प्रिंट काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, कोणी विचारलं की काढते.

पण ऑर्डर तपासणं हा कामाचा एक भाग झाला. मला सगळ्यात जास्त जीव लागतो तो बेडशेजारी बसून बोलण्याच्या भागात.

चार वर्षांचा एक मुलगा आकडी येऊन ॲडमिट झाला होता. फेनिटॉइन हे आकडीचं औषध आधीपासून चालू, घरचे म्हणत होते एकही डोस चुकवलेला नाही, पण रक्तातली लेव्हल बघितली तर ४, जी १० ते २० मध्ये हवी. डोस वाढवायचं ठरत होतं. आईवडील दोघं नोकरीला जाणारे, औषध देते आजी, विक्रोळीहून रोज मुलाजवळ येऊन बसायची. मी म्हटलं, आजी, बाटली घरून आणा आणि घरी कसं देता ते मला करून दाखवा. दुसऱ्या दिवशी आजीने पिशवीतून बाटली काढली, फडक्याने पुसली, झाकण उघडलं आणि अगदी अलगद, बाटली हलू न देता वरचं औषध मापात ओतलं. म्हटलं, हलवत नाही का? तर म्हणाली, "हलवलं की फेस येतो गं, मग माप चुकतं."

किती काळजीने देत होती बघा. पण फेनिटॉइनचं हे सस्पेन्शन असतं, औषध खाली बसतं, न हलवता ओतलं तर बाटलीच्या सुरुवातीला मुलाच्या पोटात नुसतं गोड पाणी जातं आणि शेवटी शेवटी घट्ट औषध. मी विचारलं, आधीची बाटली संपत आली होती तेव्हा कसा होता हा? आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, तेव्हा झोपाळल्यासारखा करायचा, चालताना तोल जायचा, आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे. म्हणजे नव्या बाटलीला आकडी आणि जुन्या बाटलीच्या तळाला ओव्हरडोस. त्या दिवशी लेव्हल बघून कायमचा डोस वाढवला असता तर बाटलीच्या शेवटाला काय झालं असतं याचा विचार करा, त्यात हे औषध असं की डोस थोडा वाढवला तरी लेव्हल एकदम उडी मारते. डॉक्टरांना सांगितलं, आकडी थांबवण्यासाठी त्यावेळी द्यायचं ते त्यांनी दिलं, रोजचा डोस तोच ठेवला. आजीला मी हलवायचं कसं, फेस खाली बसायला किती थांबायचं आणि मापाऐवजी तोंडाने द्यायच्या सिरिंजने कसं घ्यायचं ते शिकवलं. पुढच्या व्हिजिटला लेव्हल बरोबर जागी आली होती. आजीच्या मनाला मात्र ते लागलं होतं, माझ्या हातून झालं असं म्हणायला लागली, तेव्हा मी तिला सांगितलं की आजी, हे तुम्हाला कोणीतरी बाटली हातात देतानाच करून दाखवायला हवं होतं, तुम्ही नाही चुकलात. आणि हे मी तिचं मन राखायला म्हटलं नव्हतं.

अशी आणखी किती तरी. मुलांच्या हृदयाची, किडनीची बरीच औषधं आपल्याकडे सिरपमध्ये सहज मिळत नाहीत, मग मोठ्यांची गोळी कुटून पुड्या करायच्या किंवा गोळी १० मिली पाण्यात घोळून त्यातलं २ मिली द्यायचं असं सांगितलं जातं. गोळी नीट विरघळली का, घोळल्या घोळल्या लगेच मोजून दिलं का, उरलेलं टाकलं की दुपारसाठी वाटीत झाकून ठेवलं, हे सगळं विचारावं लागतं. काही गोळ्या तर कुटायच्याच नसतात, कारण त्या हळूहळू सुटण्यासाठी बनवलेल्या असतात आणि कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम सुटतो. इंटर्नशिपमध्ये कॅन्सरची मुलं बघितली, त्यांची मर्कॅप्टोप्युरिनची गोळी ५० मिलिग्रॅमची आणि डोस निघतो मुलाच्या उंची-वजनावरून, म्हणून आठवड्याचा हिशोब करून आज एक, उद्या अर्धी असं कॅलेंडरवर लिहून द्यायचं. त्याच कॅलेंडरवर मेथोट्रेक्सेट मात्र आठवड्यातून एकदाच, ते रोज घेतलं तर जिवावर बेततं. गावाकडून आलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका आईने रंगीत टिकल्या लावून ते कॅलेंडर सांभाळलं होतं. इतकं शिस्तीचं ड्रग चार्ट मी कुठल्याच वॉर्डात बघितलेलं नाही.

ॲडमिट झाल्या झाल्या घरी आधी काय काय दिलं हे विचारणं पण माझ्याकडे असतं आणि ते हळूच विचारावं लागतं, दटावल्यासारखं वाटलं की आया गप्प होतात. बाळगुटी, ग्राइप वॉटर, शेजारच्या काकूंकडचं उरलेलं अँटिबायोटिक, नाक्यावरच्या मेडिकलमधून न विचारता आणलेलं सर्दीचं सिरप. तापाच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल, सर्दीच्या सिरपमध्ये पण पॅरासिटामॉल, वर आल्या आल्या सपोझिटरी, म्हणजे शौचाच्या जागी ठेवायची गोळी, दिलेली, म्हणजे तिसऱ्या वाटेने तेच. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत अशी सूचना लेबलवर छापा असं डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं, पण घराघरात जुन्या बाटल्या पडून आहेत.

आणि मुंबईत राहून हा प्रश्न सहज घेताच येत नाही. १९८६ मध्ये जेजे हॉस्पिटलमध्ये पेशंटांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, किडन्या बंद पडून १४ जण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्याच विषाने २०२२ मध्ये गांबियातली मुलं गेली, २०२५ मध्ये छिंदवाड्याची, खोकल्याच्या सिरपमधून. छिंदवाड्याच्या कितीतरी मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. बाटलीकडे बघून, वास घेऊन, चव घेऊन हे कोणालाही कळत नाही. कळतं कधी, तर लघवी बंद झालेली दोन मुलं एकाच भागातून आली आणि दोघांच्याही आयांना कोणीतरी नीट बसून विचारलं की गेल्या आठवड्यात काय पाजलं होतं, बाटली आहे का अजून, टाकू नका, घेऊन या. त्या बातम्या आल्यानंतर बरेच दिवस मी प्रत्येक आईकडून बाटलीचा फोटो मागवून बॅच नंबर लिहून ठेवत होते. अजूनही ठेवते.

डिस्चार्जचा दिवस सगळ्यात घाईचा असतो. बिल, इन्शुरन्स, बाहेर टॅक्सी थांबलेली, आणि डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं ५ मिली टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा, कोणालाच कळलेलं नसतं. मी त्या दिवशी मुद्दाम जास्त वेळ काढते. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं आणि साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, म्हणजे तान्ह्या बाळाचे थेंब संपले म्हणून सिरप आणलं आणि तेवढंच मिली दिलं, किंवा उलट केलं, तर चार पटींचा फरक पडतो. ड्राय सिरप असेल तर उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या रेघेपर्यंत एकदाच घालायचं, दर वेळी चमच्यात पावडर घेऊन पाणी घालायचं नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांनी उरलं तरी टाकायचं. घरी फ्रिज आहे का हे पण विचारायचं, नसेल तर ते डॉक्टरांना आत्ताच सांगायचं म्हणजे दुसरं काही लिहिता येईल. आणि घरातला चमचा वापरायचा नाही, प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. सिरिंजवर पेनने रेघ मारून देते, इथपर्यंत.

आता मला जे मनापासून म्हणायचंय ते. कौशल यांच्याच गटाने पुढे २००८ मध्ये आणखी एक अभ्यास छापला. या वेळी मुलांच्या आयसीयूत पूर्ण वेळ फार्मासिस्ट ठेवला आणि जनरल वॉर्डांत अर्धवेळ. आयसीयूत गंभीर चुका १००० पेशंट-दिवसांमागे २९ वरून ६ वर आल्या. जनरल वॉर्डांत काहीच फरक पडला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं होतं, नंतर कामाला लागल्यावर पटलं. दुपारी येऊन फाइली चाळून जाणारा फार्मासिस्ट चूक झाल्यानंतर पोचतो. सिस्टरांनी इंजेक्शन भरून दिलेलं असतं, राउंड होऊन गेलेला असतो, रेसिडेंटला प्रश्न विचारायला ओळख नसते, आणि ओळख नसेल तर कोणी कोणाचं ऐकत नाही. सेफ्ट्रिअॅक्झोनचं ते अर्धं मिनिट मला मिळालं कारण मी तिथे रोज उभी असते आणि सरांना माहीत असतं की ही उगाच बोलत नाही.

मोठी प्रायव्हेट हॉस्पिटलं आता क्लिनिकल फार्मासिस्ट ठेवतात, एनएबीएच या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनासाठी प्रिस्क्रिप्शन ऑडिट लागतं हे त्याचं एक कारण. पण बऱ्याच ठिकाणी एका माणसावर अख्खी बिल्डिंग असते, मोठ्यांचे मजले, मुलांचे मजले, ऑडिटचे तक्ते, सगळं. आणि जिथे सगळ्यात जास्त मुलं येतात, एका बेडवर दोन दोन मुलं झोपवावी लागतात, तिथे या कामासाठी वेगळं माणूस क्वचितच असतं. दर वर्षी फार्म-डी होऊन बाहेर पडणारी हुशार मुलं कंपन्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर साइड इफेक्टचे रिपोर्ट भरायला जातात कारण वॉर्डात पोस्टच नाहीत. मला याचा राग येतो आणि येत राहील. प्रत्येक एनआयसीयूला आणि पीआयसीयूला, म्हणजे मोठ्या मुलांच्या आयसीयूला, स्वतःचा, पूर्ण वेळ, नावानिशी नेमलेला फार्मासिस्ट हवा, रात्रपाळीसकट.

तुमचं मूल ॲडमिट असेल तर राउंडला विचारा, इथे क्लिनिकल फार्मासिस्ट आहे का, असेल तर आम्हाला भेटायचंय. कोणी रागावत नाही. औषधानंतर पुरळ आलं, उलट्या झाल्या, काही वेगळं वाटलं तर सांगा, त्याची नोंद औषधांच्या साइड इफेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या देशाच्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅममध्ये करता येते, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर तुम्ही स्वतःही करू शकता. आणि जाताना तो फीडबॅक फॉर्म हातात देतात ना, तो जेवण आणि स्वच्छतेचे स्टार देऊन सोडू नका, औषधं कोणी समजावली का हे त्यात लिहा. आमच्या पीआयसीयूला पूर्ण वेळ फार्मासिस्टची पोस्ट मिळाली तेव्हा मीटिंगमध्ये मी दोन्ही अभ्यास मांडले होते, पण मेडिकल डायरेक्टरांनी टेबलावर ठेवला तो पालकांच्या फॉर्मचा गठ्ठा. आता एनआयसीयूच्या पोस्टसाठी अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात मीटिंग आहे.